शटर आधी दाबलं, विचारलं नंतर

पत्र :

ताई, मी पोर्ट्रेट फोटोग्राफर आहे. १४ वर्षं झाली, घराच्याच खालच्या खोलीत स्टुडिओ आहे. बायको नोकरी करते, मुलगी १३ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. गेली दोन वर्षं मी एका सेवाभावी वैद्यकीय पथकाबरोबर परदेशात जातो. दुभंगलेल्या ओठांच्या मुलांवर तिथे मोफत शस्त्रक्रिया होतात. मी त्यांचे आधीचे-नंतरचे फोटो काढतो आणि देणगीदारांना दाखवायला पोर्ट्रेट करतो. तिकीट माझं, मानधन नाही. यंदा १८ दिवसांचा दौरा आहे, सात आठवड्यांनी निघायचंय. पथकाला होकार कळवला आणि त्याच रात्री घरी सांगितलं. बायको एवढंच म्हणाली, "तू करतोस ते काम चांगलं आहे, म्हणून तर मला काही बोलताच येत नाही." तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं चालू आहे. मुलगी तर माझ्या कॅमेऱ्यासमोर येतच नाही. माझ्या वेबसाइटवर तिचा ९ वर्षांची असतानाचा, रडतानाचा एक फोटो आहे. फार सुंदर आलाय, लोक तोच बघून माझ्याकडे येतात. मागच्या वर्षी तो तिच्या वर्गातल्या मुलांनी पाहिला, त्यावरून काहीतरी झालं म्हणे. या वेळी तिला सोबत नेऊ का? तिथली मुलं पाहिली तर बापाचं काम तिला कळेल. की मी जाऊच नये?
ता. क. : लेन्स ८५ मिमी न्यावी की ३५? दोन्हींचं वजन होतं.
– एक फोटोग्राफर

उत्तर :

प्रिय फोटोग्राफर,

पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही 'म्हणे' लावून उडवून दिलीत. "त्यावरून काहीतरी झालं म्हणे." मी तिथेच थांबले आणि दोनदा वाचलं. दौरा, बायकोचा अबोला, लेन्स, सगळ्याकडे येते. पण आधी तो फोटो.

तो वेबसाइटवरून काढा. हे उत्तर पुरं वाचायच्या आधी काढलात तरी मला राग येणार नाही. (मराठीत 'फोटो काढणं' म्हणजे घेणंही आणि हटवणंही. तुमच्या हाताला पहिल्याच अर्थाची सवय आहे.) जुन्या पोस्टमध्ये, छापलेल्या माहितीपत्रकात, स्टुडिओच्या भिंतीवर असेल तर तिथूनही काढा. गुगलच्या शोधात तो काही दिवस रेंगाळेल. जुना मजकूर हटवायची विनंती तिथे करता येते, तीही करून टाका.

लोक तो फोटो बघूनच येतात, हे मला पटतं. रडणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर प्रकाश चांगला पडला असेल तर माणूस बघत राहतोच. पण स्टुडिओत दुसऱ्या कुणाचं मूल आलं आणि त्याचा फोटो जाहिरातीत वापरायचा असला, तर तुम्ही आईवडिलांची सही घेता ना? हिच्या बाबतीत सही देणारेही तुम्हीच आणि घेणारेही तुम्हीच. दोन्हीकडे एकाच माणसाची सही असलेल्या कागदाला कुठे किंमत असते? काढल्यावर तिला एका वाक्यात सांगा : "तो फोटो मी काढून टाकला, तुला आधी विचारायला हवं होतं." पुढे 'पण' लावू नका. ती काही बोलली नाही तर तसंच राहू द्या. वर्गात काय झालं ते तिला सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल.

आता बायको. तुमच्याच पत्रातला क्रम बघा. पथकाला होकार कळवला, मग घरी सांगितलं. सांगितलं, विचारलं नाही. समोरच्या माणसाला न विचारता शटर दाबायचं आणि मग हसून "चालेल ना?" म्हणायचं, असं तुम्ही रस्त्यात अनोळखी माणसाशीही करत नसाल. घरी केलंत. आणि चांगल्या कामाची एक पंचाईत असते : त्याच्या आड येणारा आपोआप वाईट ठरतो. तुम्ही १८ दिवस पत्ते कुटायला गेला असतात तर तिला मनसोक्त भांडता तरी आलं असतं. इथे एकीकडे फाटलेल्या ओठाचं बाळ आणि दुसरीकडे सहा वर्षांच्या मुलाला एकटीनं शाळेत सोडणं, अशी तुलना तुम्ही न बोलता तिच्यासमोर मांडून ठेवलीत. त्या तराजूत ती कशी जिंकणार?

म्हणून तिला आता खरोखर विचारा. 'नाही' हे उत्तर मिळालं तर तुम्ही थांबणार असाल, तरच ते विचारणं. ती 'नाही' म्हणाली तर पथकाला लगेच कळवा. सात आठवडे म्हणजे दुसरा फोटोग्राफर शोधायला पुरेसा वेळ आहे. त्यांची शस्त्रक्रिया तुमच्यावाचून अडत नाही. हे ऐकायला कडू लागेल, पण मदतीला जाणाऱ्या प्रत्येकानं निघण्यापूर्वी एकदा स्वतःला ऐकवावं असं हे वाक्य आहे. मीही उशिराच ऐकवलं.

तुमच्याच धंद्यातल्या एका बाईची आठवण येते. डोरोथिया लँग. तिचाही पोर्ट्रेट स्टुडिओ होता, सॅन फ्रान्सिस्कोत, खाऊनपिऊन सुखी घरांतली गिऱ्हाइकं यायची. मंदीच्या काळात खिडकीखाली बेकारांची गर्दी दिसू लागली आणि ती कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरली. १९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर तिनं एका आईचे मोजकेच फोटो घेतले. स्वतः लँगच्या म्हणण्याप्रमाणे दहा मिनिटांचं काम. फोटो वर्तमानपत्रापर्यंत पोचले, त्या तळावर सरकारी धान्य आलं. तोवर ती आई मुलांना घेऊन पुढच्या कामाकडे निघून गेली होती.

त्या बाईचं नाव लँगनं विचारलंच नव्हतं. पुढे १९६० मध्ये तिनं स्वतःच तसं लिहिलं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं १९७८ मध्ये, म्हणजे फोटोनंतर ४२ वर्षांनी. त्या फोटोतून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, ही सल थॉम्पसनच्या मनात राहिली. आणि लँगची स्वतःची दोन मुलं? आई दौऱ्यावर असताना ती लहानपणी काही काळ दुसऱ्यांच्या घरी ठेवलेली होती. थोरल्याच्या मनात त्याचा राग बरीच वर्षं होता. फोटो थोर आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण त्याची किंमत दोन घरांनी भरली आणि दोन्ही घरांना आधी कुणी विचारलं नव्हतं.

लँगला बोलायचा मला काही हक्क नाही. स्टुडिओ चालवायचे त्या दिवसांत मीही एका शिबिरासोबत गेले होते. एक आजी नातवाला घेऊन आली. खिडकीशी स्टूल होतं, त्यावर त्याला बसवलं. तिनं आपला तळवा ओला केला, त्याचे केस दाबून बसवले, शर्टाचं वरचं बटण लावलं, ते घट्ट होतं म्हणून पुन्हा काढलं, मग दोन पावलं मागे सरून उभी राहिली. मी फोटो घेतला. आणि तिनं माझ्यासमोर हात पसरला. फोटो घ्यायला! मी कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. तिनं बघितला, मान डोलावली, हात तसाच. दुभाष्याकडून मी सांगितलं, "पाठवते." डायरीत पत्ता लिहून घेतला. परत आल्यावर कामं होती, घरी आजारपण होतं, सतराशे साठ कारणं होती. तो फोटो माझ्या भिंतीवर अकरा वर्षं होता. तिच्या भिंतीवर कधीच पोचला नाही.

तेव्हा गेलात, तर हातात द्यायची सोय घेऊन जा. इन्स्टॅक्स मिनी हा फोटो तिथल्या तिथे छापून देणारा छोटा कॅमेरा. त्याच्या फोटोतलं चित्र ६२ × ४६ मिलिमीटरचं, म्हणजे लहानच, पण मिनिटा-दोन मिनिटांत हातात पडतं. फार गारठ्यात मात्र त्याचे रंग फिके येतात. ५ अंशांच्या खाली गेलात तर फोटो उमटेपर्यंत खिशात उबेला ठेवा. पोस्टकार्डाएवढा हवा असेल तर उष्णतेनं कागदावर रंग बसवणारे छोटे 'डाय-सब' प्रिंटर मिळतात. एका फोटोला मिनिटभराच्या आतबाहेर लागतं आणि लॅमिनेशनसारखा थर बसत असल्यानं ओल्या बोटांनीही तो खराब होत नाही. कॅननच्या 'सेल्फी' (Selphy) या अशाच प्रिंटरचं मोठं पाकीट १०८ कागदांचं येतं. तुमच्या अंदाजाच्या दीडपट न्या, कारण सोबत आलेल्या भावंडांनाही हवा असतो. जेरेमी कोवार्ट नावाच्या अमेरिकी फोटोग्राफरनं 'हेल्प-पोर्ट्रेट' हा उपक्रम याच साध्या कल्पनेवर उभा केला : ज्यांना स्टुडिओत जाणं परवडत नाही त्यांचा नीट फोटो काढायचा, छापायचा आणि देऊन टाकायचा. त्यासाठी विमानात बसावं लागत नाही, हे जाता जाता सांगते.

आता शिबिरातल्या तुमच्या मूळ कामाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण तुमच्या घरच्या प्रश्नाची निम्मी गाठ तिथेच सुटते असं मला वाटतं.

तुम्ही तिथे दोन वेगळी कामं करता आणि ती एकाच मेमरी कार्डावर, एकाच होकारावर चालतात, असं पत्रावरून दिसतं. डॉक्टरांसाठीचे फोटो म्हणजे नोंद : समोरून, दोन्ही बाजूंनी, हनुवटीखालून वर बघत, साधी पार्श्वभूमी, दर वेळी तोच प्रकाश, तेच अंतर. ते रुग्णाच्या कागदपत्रांचा भाग आहेत. देणगीदारांसाठीचं पोर्ट्रेट ही निराळी गोष्ट, आणि तिचा होकार निराळाच घ्यायला हवा. कधी घेता तो? शस्त्रक्रियेच्या आधी, रांगेत? मैलोन्‌मैल चालून आलेली आई तेव्हा कशालाही 'हो' म्हणेल. फोटोला नाही म्हटलं तर पोराचं नाव यादीतून जाईल, ही भीती तिला कुणी घालावी लागत नाही. शस्त्रक्रिया झाल्यावर विचारा. डॉक्टरांनी नको, तुम्हीही नको, तिची भाषा बोलणाऱ्या नर्सनं किंवा स्वयंसेविकेनं विचारावं. आणि 'वापरू का?' एवढंच नको. आधीच्या दौऱ्याचं छापील पत्रक तिच्या हातात द्या : "असं छापतो. हे अनोळखी लोक बघतात. चालेल?" युनिसेफच्या मुलांविषयीच्या वार्तांकनाच्या तत्त्वांतही मुलाचं हित सगळ्याच्या वर ठेवलंय, अगदी मुलांच्या प्रश्नांच्या प्रचाराच्याही वर.

पुढचा मुद्दा वयाचा. ओठाची शस्त्रक्रिया साधारणपणे बाळ ३ ते ६ महिन्यांचं असताना करतात, टाळूची ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान. तुमच्या शिबिरात येणाऱ्यांत ती वेळ हुकलेली मोठी मुलंही असणार. म्हणजे त्या रांगेत १३ वर्षांची एखादी मुलगी असेलच, जिनं आयुष्यभर ओढणीनं किंवा हातानं तोंड झाकलंय आणि जिला फोटो म्हणजे काय ते पक्कं कळतं. तिच्या आईनं सही केली तरी एकदा तिला विचारा. तिनं मान फिरवली तर कॅमेरा खाली. ही मान फिरवणं तुम्हाला घरातून ओळखीचं आहे.

आणि 'नंतरचा' फोटो. पथक निघायच्या दिवशी तुम्ही जो काढता त्यात ओठ सुजलेला असतो, टाक्यांची रेघ लालभडक असते. व्रण मऊ आणि फिका व्हायला काही महिने, कधी वर्षभर जातं. खरा 'नंतर' तेव्हा दिसतो, आणि तेव्हा तुम्ही तिथे नसता. म्हणून पथकाला तुमच्या १८ दिवसांपेक्षा जास्त उपयोग होईल तो तिथल्याच एखाद्या माणसाचा. शाळामास्तर असेल, दवाखान्यातला कारकून असेल. त्याला एक कॅमेरा द्या, उत्तरेची खिडकी दाखवा, जमिनीवर चिकटपट्टीनं स्टुलाची आणि पायांची जागा आखून द्या. पांढरा थर्माकोल सावलीच्या बाजूला कसा धरायचा ते शिकवा. सावळा चेहरा फ्रेमभर असला की कॅमेरा त्याला उगाच उजळवतो, तेव्हा एक्स्पोजर थोडं उतरवायचं, हेही सांगा. तुमच्यासारख्या १४ वर्षं स्टुडिओ चालवलेल्या माणसाला हे शिकवायला तीन दिवस लागतील. तपासणीचे दिवस आणि पहिल्या शस्त्रक्रिया धरून आठ-नऊ दिवसांत तुम्ही परत. पुढच्या वर्षी कदाचित जावंही लागणार नाही. त्या विचारानं पोटात गोळा आला असेल, तर दौरा नेमका कुणासाठी चाललाय तेही तपासून बघा.

हा नऊ दिवसांचा प्रस्ताव घेऊन बायकोकडे जाऊ नका, लगेच तर नकोच. आधी तिचं ऐका. तिनं तुमच्या मागच्या दोन दौऱ्यांत काय काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे का? रजा किती गेल्या? मुलगा रात्री उठला का? आणि १८ दिवस म्हणजे १८ नसतात. आधी आठवडाभर सामान, लसी, कागदपत्रं (बिनपगारी सेवेलाही काही देश 'काम' मानतात, व्हिसाचं पथकाला विचारून ठेवा). परतल्यावर झोपेचं चक्र बिघडलेलं, आणि हजारो फ्रेम निवडायला तुम्ही पुन्हा खालच्या खोलीत. तिच्या हिशोबात तो दौरा दीड-दोन महिन्यांचा होतो, आणि तिचाच हिशोब बरोबर आहे. ठरलंच तर एक करा : परत आलात की कार्डांच्या तीन प्रती करा, दोन वेगळ्या ठिकाणी साठवून, एक घराबाहेर, आणि मग आठवडाभर खालच्या खोलीला कुलूप. फोटो नासत नाहीत.

तिथून रोज रात्री व्हिडिओ कॉलवर 'बघा आज काय काय झालं' हा कार्यक्रमही बंद करा. तुमची मुलं तेव्हा प्रेक्षक होतात. फोन करून विचारा आणि ऐका. मुलाचा दात पडला का, हे तुम्हाला तिथे बसून माहीत असायला हवं.

मुलीला नेऊ नका. निदान या वेळी नको. 'तिथली मुलं पाहिली तर कळेल' या वाक्यात तिला धडा शिकवायचा आहे, आणि त्या धड्यासाठी वेदनेत असलेली परकी मुलं वापरायची आहेत. दोघांवरही अन्याय. शिवाय तिला तुमचं काम कळत नाही असं तुम्ही कशावरून धरलं? चार वर्षं तिचा चेहरा तुमच्या कामाच्या दारावर टांगलेला होता. घरात तुमचं काम तिच्याइतकं कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही.

आणि ता. क. ८५ न्या. माणसाच्या चेहऱ्याजवळ ३५ घेऊन गेलात की नाक फुगतं, कान मागे जातात. दोष लेन्सचा नाही, आपण फार जवळ शिरतो त्याचा. ज्या मुलाच्या चेहऱ्याकडे आधीच सगळं गाव बघतं, त्याच्या तोंडाजवळ आपण तरी शिरू नये. ८५ नं दीड-दोन मीटरवर बसता येतं, त्याला श्वास घ्यायला जागा राहते. बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. प्रत्येकी १०० वॉट-तासांपर्यंत विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही.

३५ घरी ठेवा, जुन्या कॅमेऱ्याला लावून, मुलीच्या हाताला येईल अशा जागी. सांगा फक्त की ती तिथे आहे. परत आल्यावर त्यातलं कार्ड तिनं दिल्याशिवाय बघू नका.